मॅकरोनीचं शिंग

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दर हिवाळ्यात माझ्याकडे लेख मागतात आणि दर हिवाळ्यात मी दुसरंच काहीतरी लिहून देतो. कृष्णेचा घाट, सांगलीच्या कॉलेजातले दिवस, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या परसात उगवलेली मेथी. मेथीचा लेख तर लोकांना फार आवडला. काही जणींनी बीसुद्धा मागून नेलं. या वर्षीही असंच काहीतरी देऊन मोकळा झालो असतो. पण परवा दुपारी सदर्ली सुटली.

सदर्ली म्हणजे दक्षिणेचा वारा. आपल्या जुन्या कवितेतला दक्षिणवारा चंदनाचा वास घेऊन येतो. इथला ध्रुवाकडच्या बर्फावरून निघतो आणि वाटेत त्याला अडवायला काही नसतं. सकाळचं ऊन बघून सुनेनं बाहेर वाळत घातलेले कपडे एकाएकी आडवे झाले. मी मोज्यांवरच जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून धावलो, चादरी ओढून काढल्या, चिमटे टोपलीत टाकत गेलो. त्यातला एक हाताला वेगळा लागला. जुन्या पद्धतीचा, एकाच लाकडाचा, वर गोल डोकं असलेला. त्या डोक्यावर निळ्या शाईचे दोन फिकट डोळे होते, आणि छातीवर, जिथे कधीकाळी काहीतरी चिकटवलेलं होतं, तिथे डिंकाचा पिवळा डाग.

तो शेजारच्या हेंकचा योद्धा होता. घरात कुणाला आठवण नव्हती म्हणून इतके दिवस तो बिचारा आमच्या चादरी धरत राहिला होता. मी त्याला खिशात घातलं आणि आत येऊन बसलो. कपडे घड्या न करता तसेच सोफ्यावर पडून राहिले.

तो हिवाळा दोन हजार पाचचा. शालिनी, माझी बायको, आदल्या वर्षी गेली होती, आणि मुलगा मिलिंद मला सांगलीहून इथे घेऊन आला होता. तो सकाळी ट्रेननं वेलिंग्टनला जायचा. सून अमृता हॉस्पिटलच्या फार्मसीत. नात सई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, तिची शाळा. दिवसभर घरात मी आणि थंडी. इथली जुनी घरं बाहेरून चित्रातल्यासारखी दिसतात आणि आत शिरल्यावर कळतं की भिंती नुसत्या नावाला आहेत. रात्रभर माणसांनी सोडलेला श्वास सकाळी खिडक्यांच्या काचांवर पाणी होऊन ओघळत असतो. टॉवेल घेऊन त्या काचा पुसणं हे माझं रोजचं पहिलं काम. स्वयंपाकघराची काच पुसली की कुंपणापलीकडे हेंकचं स्वयंपाकघर दिसायचं. त्याचे पडदे कधीच वर गेलेले असायचे आणि तो चुलीपाशी कॉफीचं भांडं घेऊन उभा. मी हात वर करायचो, तो भांडं वर करायचा. या देशात मला नावानं ओळखणारं घराबाहेरचं ते एकच माणूस होतं.

हेंक डच. पन्नासच्या दशकात बोटीनं इकडे आला, सुतारकाम केलं, अर्ध्या लोअर हटच्या खिडक्या मीच बसवल्यात असं सांगायचा. म्हणजे तुमच्या घरातली थंडी माझीच, असंही पुढे जोडायचा. पहिल्यांदा भेटला तेव्हा त्यानं कुंपणावरून फिजोआच्या फळांची बादली पुढे केली आणि मी काय करायचो ते विचारलं. मी म्हटलं, राज्यशास्त्र शिकवायचो, विशेषतः युरोपचं राजकारण. तो इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, म्हणजे माझ्या घरी काय चाललंय ते आता शेजारचा भारतीय मला सांगणार. त्या दिवसापासून मी प्रोफेसर झालो.

खरं तर मी युरोप पाहिलेला नव्हता. आजही पाहिलेला नाही. पण सांगलीच्या त्या पत्र्याच्या वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की शतकानुशतकं एकमेकांचे गळे कापणारी राष्ट्रं एक दिवस थकतात, हत्यारं खाली ठेवतात, एका टेबलाभोवती बसतात. आणि मग जो पैसा तोफांवर जायचा तो म्हाताऱ्यांवर, आजाऱ्यांवर, बेकारांवर जायला लागतो. कल्याणकारी राज्य. हा शब्द फळ्यावर लिहिताना माझं अक्षर आपोआप चांगलं यायचं. कल्याण सोडाच, ज्यांच्या गावात एसटीसुद्धा धड येत नव्हती अशी मुलं तो वहीत उतरवून घ्यायची.

आणि इथे, कुंपणापलीकडे, तो शब्द गाडीतून उतरून चालत यायचा. सिना नावाची एक सामोअन बाई आठवड्यातून दोनदा हेंककडे यायची. त्याला आंघोळीला मदत करायची, पायांना पट्ट्या बांधायची, घर झाडायची. हेंकला एक पैसा द्यावा लागायचा नाही, सगळं सरकारकडून. मला बघून ती किया ओरा, प्रोफेसर म्हणायची. हेंकला गळ्यात घालायचं एक बटणही मिळालं होतं, पडलाबिडलास तर दाब म्हणून. ते तो कोटाच्या खुंटीवर टांगून ठेवायचा. त्याचं म्हणणं, कोट कधी पडला तर दाबेल. मला मात्र त्या बटणाकडे, सिनाच्या गाडीकडे बघून भरून यायचं. आपण खोटं शिकवलं नव्हतं, असं वाटायचं.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, शाळेला दोन आठवड्यांची सुट्टी लागली आणि सई माझ्या ताब्यात आली, किंवा मी तिच्या. आमच्या घरापेक्षा हेंकचं घर ऊबदार, कारण त्याच्याकडे लाकडाची शेगडी होती. त्यामुळे आम्ही दुपारी तिकडे. सई त्याला ओपा म्हणायची, डच भाषेत आजोबा. मी आजोबा, तो ओपा. तो आमच्यासाठी वाटाण्याचं सूप करायचा, आपल्या पिठल्याइतकं घट्ट; सई हीप्स मागायची, हीप्स म्हणजे भरपूर. त्यात सॉसेज घालायची त्यांची पद्धत, पण माझ्यासाठी तो वेगळ्या छोट्या पातेल्यात बिनसॉसेजचं करायचा, आणि त्या पातेल्याला दुसऱ्या पातेल्यातला चमचा लागू द्यायचा नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, त्याला कसं सुचलं.

खेळ सईनं काढला. एका मोठ्या पुठ्ठ्यावर तिनं किल्ला काढला, भोवती बर्फ, नाव ठेवलं फोर्ट सदर्ली. हेंकच्या दिवंगत बायकोचे जुने चिमटे हे योद्धे. प्रत्येकानं आपल्या योद्ध्याचे डोळे रंगवायचे आणि त्याला एकच हत्यार द्यायचं. एकच. एकदा दिलं की बदलायचं नाही. फासे टाकत बर्फ ओलांडायचा आणि किल्ल्याचा दरवाजा गाठायचा.

मी भाला घेतला. कबाबाची लांब काडी माझ्या चिमट्याच्या उंचीच्या दुप्पट होती. सईला मी त्यामागचं तत्त्व समजावून सांगितलं: तलवारवाल्याला शत्रूच्या श्वासाच्या अंतरावर जावं लागतं, भालेवाला त्याला लांबच ठेवतो. सई तोंडावर उशी धरून हसली. तिनं गोफण घेतली, लोकरीच्या धाग्याची, कारण ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला आम्ही लहानपणी गोफण फिरवायचो हे मीच कधीतरी सांगितलं होतं. शिवाय दगड कुठेही मिळतात, हे तिचं म्हणणं. हेंक बराच वेळ विचार करत बसला. मग उठला, कपाटातून मॅकरोनीचा एक वाकडा तुकडा काढला आणि योद्ध्याच्या छातीवर चिकटवला.

हे काय, तर शिंग. सई म्हणाली, हे वेपन नाहीये. हेंक म्हणाला, माझं हेच आहे. मी हे वाजवलं की तुम्ही दोघांनी जिथे असाल तिथून माझ्या चौकोनात यायचं. तुमचा भाला आणि तुमची गोफण, दोन्ही मला मिळाली की नाही. सईला हे फारच हुशारीचं वाटलं आणि तिनं तो नियम करून टाकला. मी म्हटलं, हा खरा कल्याणकारी राज्यातला योद्धा, स्वतः काही करायचं नाही, बसल्या जागी हाक मारायची. तो हसला. मीही हसलो. हत्यारावरून माणूस ओळखता येतो असं मी तेव्हा गमतीत म्हणालो होतो. आज वाटतं, मी भाला उगाच नव्हता उचलला. कुणी फार जवळ आलेलं मला कधीच सोसलं नाही.

पडद्यांची गोष्ट त्याच सुट्टीतली. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हेंक लहान होता, आणि त्यांच्या शहरात खायला काही उरलं नव्हतं. ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ल्याचं तो सांगायचा, तोंड वाकडं करून, चव अजून आठवतेय अशा थाटात. विमानांच्या भीतीनं सगळ्यांचे पडदे सतत बंद. त्यामुळे वरच्या मजल्यावरचे एक आजोबा वारले ते कित्येक दिवस कुणाला कळलं नाही. बंद पडदा, सगळ्या घरांचाच बंद. तेव्हापासून त्याच्या आईनं उजेड झाला की पहिला पडदा उघडायचा हा नेम धरला, आणि तो हेंकबरोबर बोटीत बसून इकडे आला.

सई हे सगळं डोळे मोठे करून ऐकत होती. तिनंच विचारलं, मग तुझे पडदे कोण बघतं? हेंक म्हणाला, तू बघ. तू माझी पहारेकरी. आठपर्यंत वर गेले नाहीत तर आजोबांना सांग, आणि आजोबांनी येऊन दार वाजवायचं. किल्ली कुंडीखाली आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "प्रोफेसर, चालेल ना? ते बटण मला आवडत नाही. बटणापलीकडे कोण असतं ते मला माहीत नाही. तुम्ही मला माहीत आहात."

मी हो म्हणालो. एवढं सोपं काम, कोण नाही म्हणेल?

सुट्टीचा शेवटचा दिवस. बाहेर असाच वारा, परवासारखा. माझा भालेवाला किल्ल्याच्या दरवाज्याशी पोचला होता, पुढचा फासा माझा. हेंकचा योद्धा बर्फात अडकलेला. त्यानं तोंडापुढे हातांचा द्रोण केला आणि लांबलचक आवाज काढला, बंदरातल्या बोटीसारखा. सई लगेच आपली गोफण घेऊन त्याच्या चौकोनात गेली. मी गेलो नाही. मी म्हटलं, किल्ल्यात शिबंदी असते, तिचं ते काम आहे. सुधारलेल्या राज्यात प्रत्येकानं ऊठसूट धावायची गरज नसते. सई म्हणाली, आजोबा, दॅट्स द रूल. मी फासा टाकला आणि दरवाज्यातून आत गेलो. हेंकचा योद्धा नियमाप्रमाणे बर्फात आडवा झाला.

माझं वय तेव्हा सत्तरीच्या उंबऱ्यावर होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण हेंक चिमटा उचलून हसत म्हणाला, बघा प्रोफेसर, म्हणूनच आमच्या लोकांनी नाही म्हटलं. तो कशाबद्दल बोलतोय ते मला लगेच कळलं. जूनच्या सुरुवातीला डच मतदारांनी युरोपची नवी राज्यघटना नाकारली होती. त्याआधी फ्रेंचांनी. मला तो घाव बसला होता, घरातलं कुणी परीक्षेत नापास व्हावं तसा, आणि मी महिनाभर त्याच्याशी त्यावरून वाद घालत होतो. तो म्हणाला, मला मत असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं. इतक्या लांबच्या इमारतीत बसून कुणी माझी काळजी घेईल यावर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, ज्यानं देश गरिबीत असताना सोडून पळ काढला, त्यानं त्याबद्दल बोलू नये.

शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला. हेंकनं चिमटा टेबलावर ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्ही तर युरोप कधी पाहिलाही नाहीत."

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. पण सईसमोर म्हणाला. ज्या नातीला मी युरोपच्या नद्यांची नावं पाठ म्हणून दाखवायचो तिच्यासमोर. मी उठलो आणि टोपी तिथेच विसरून घरी आलो. थोड्या वेळानं सई आली. माझी टोपी आणि खेळाचे चिमटे तिनं खुर्चीवर ठेवले आणि ती खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली. मिलिंद आणि अमृता लवकर गेले. मी काचा पुसत होतो. सई दप्तर पाठीला लावून मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ओपाचे ब्लाइंड्स अजून डाउन आहेत."

मीही ते पाहिलं होतं. तिच्या आधी पाहिलं होतं. मी म्हटलं, "आज सिना यायचीये. सरकार आहे त्यांना बघायला. तू जा, बस चुकेल." ती हलेना. दाराजवळ जाऊन परत वळली. तेव्हा मी म्हटलं, "अगं, मी बघतो."

मी बघतो. हे वाक्य मी आयुष्यभर किती सहज वापरलं. विद्यार्थ्यांना, शालिनीला, मुलाला. आपल्याकडे थोरामोठ्यांनी ते म्हटलं की समोरच्यानं निश्चिंत व्हायचं असतं, आणि सई सांगली न बघताही त्या बाबतीत पक्की सांगलीची होती. ती गेली.

मग मी बघितलं. दिवसभर बघितलं. काच परत धुरकट झाली की परत पुसत होतो, पलीकडचे पडदे स्पष्ट दिसावेत म्हणून. माझी खात्री होती की हा मुद्दाम करतोय. शिंग वाजवतोय. मी धावत जावं, दार वाजवावं, आणि त्यानं कॉफीचं भांडं हातात घेऊन दार उघडावं, आलात ना प्रोफेसर, म्हणावं. जेवणाच्या सुमाराला मी बूट घातले, फाटकापर्यंत गेलो. कालचं वाक्य आठवलं. परत आलो, बूट काढले आणि चहा टाकला. शालिनी असती तर ती असल्या कशाला थांबलीच नसती. वाटीभर काहीतरी झाकून घेऊन गेली असती, भांडण झालंय हे तिच्या गावीही नसतं.

सिना दुपारी आली. तिची हाक मी बंद खिडकीतून ऐकली. मग ॲम्ब्युलन्स. हेंक सकाळी पडदे उघडायला जाताना पडला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. शेगडी रात्रीच विझलेली, आणि तो खिडकीखालच्या लाकडी जमिनीवर, स्वतःच बसवलेल्या जमिनीवर, दुपारपर्यंत. बटण खुंटीवर. सई बसमधून उतरली तेव्हा त्याला बाहेर आणत होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी कुंपणाशी उभा होतो, पायात बूट घालून.

इथपर्यंतचं मी कुणालातरी सांगू शकलो असतो. माणसाच्या हातून होतं असं. पुढचं सांगता आलं नाही म्हणून हे सगळंच राहिलं.

हेंकची मुलगी ब्रिस्बेनहून आली. एका संध्याकाळी आमच्याकडे आभार मानायला आली, वडील तुमच्याबद्दल नेहमी सांगतात म्हणाली. अमृतानं चहा आणि शंकरपाळी ठेवली. मिलिंद नुकताच ट्रेनमधून आलेला, टायही काढला नव्हता. सई स्वयंपाकघराच्या स्टुलावर. बोलता बोलता त्या बाईनं विचारलं, रागानं नाही, नुसतं समजून घ्यायला, की बाबा म्हणत होते, पडदे उघडले नाहीत तर शेजारून कुणीतरी येतं. त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही का?

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. अमृतानं पाहिलं. आणि मी, नागरिकांच्या कर्तव्यांवर बोलायला बोलावला जाणारा माणूस, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणालो की ते काम सईचं होतं. लहान आहे. शाळेच्या गडबडीत विसरली असेल. मला काही बोलली नाही.

सईच्या हातात माइलोचा कप होता. तिनं तो ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता ती बोलणार, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी राग शोधला. नव्हता. काहीतरी मोजून घेतल्यासारखी ती बघत होती. मग पाहुणीकडे वळून म्हणाली, "सॉरी. आय फरगॉट."

आमच्या घरात आजोबांना उलट उत्तर द्यायचं नाही, हे मिलिंदनं तिला लहानपणापासून शिकवलं होतं, जसं मी त्याला शिकवलं. घरात मराठी टिकली नाही, शुभंकरोती टिकली नाही, हे एवढं मात्र टिकलं. अमृता तिला त्या रात्री बराच वेळ समजावत होती, होतं असं बेटा, तुझी चूक नाही. भिंती पातळ असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

हेंक घरी परतला नाही. त्याला अप्पर हटच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. खर्च सरकारचाच. खोली ऊबदार होती, आमच्या घरापेक्षा कितीतरी. मिलिंदनं एका रविवारी मला तिथे सोडलं. मी वाक्य तयार करून नेलं होतं, ट्रेनच्या रुळांशेजारून जाताना ते सारखं मनात घोकत होतो. हेंक बारीक झाला होता, न्यूमोनियानं श्वास लागत होता. खिडकीचे पडदे तिथली माणसं उघडायची, त्यांच्या सवडीनं.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यानंच माझा हात धरला. म्हणाला, "सईला सांगा, मी रागावलेलो नाही. एवढ्याशा मुलीवर मी असलं काम टाकायला नको होतं. चूक माझी. तिला नक्की सांगा, प्रोफेसर."

जो माणूस माझ्यामुळे तिथे पडला होता तो माझ्या नातीची माफी मागत होता, माझ्याच मार्फत. मी मान हलवली. मी सांगतो, म्हणालो. इथल्या वसंतात, कोवायची झाडं पिवळीजर्द फुलली होती त्या दिवसांत तो गेला. मुलगी त्याला घेऊन ब्रिस्बेनला जाणार होती, ती राख घेऊन गेली.

आणि मी सईला त्याचा निरोप सांगितला नाही. कसा सांगणार? जी चूक तिनं केलीच नाही तिची माफी तिच्या हातावर ठेवायची? तो निरोप सांगायचा तर आधी माझं सांगायला हवं होतं. त्यामुळे दोन्ही माफ्या राहिल्या. एक त्याची, एक माझी.

शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी पडदे काढून काळ्या काचा बसवल्यात. युरोपनं ती राज्यघटना गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या नावानं बरंचसं तेच करून घेतलं, असं मी वाचलं. पूर्वी असतं तर यावर मी हेंकशी आठवडाभर भांडलो असतो. आता बातमी वाचतो आणि कॉम्प्युटर बंद करतो. राज्य माणसाला पट्ट्या बांधून देतं, बटण देतं, ऊबदार खोली देतं. हे सगळं खरं आहे आणि मी आजही ते शिकवीन. पण त्या सकाळी राज्याला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी त्याच्या आड लपलो, एवढंच. लांब काठीच्या मागे उभा राहिलो.

सई माझ्याशी अबोला धरील असं मला वाटलं होतं. धरला असता तर सोपं गेलं असतं. ती उलट जास्त जवळ आली. शाळेत जाण्यापूर्वी रोज सकाळी माझ्या खोलीचं दार ढकलून आत डोकावायला लागली. "आजोबा, ब्लाइंड्स अप?" मी पडदा वर केलेला असला की अंगठा दाखवून जायची. अमृताला त्याचं कौतुक. आजोबांवर किती जीव आहे बघा, म्हणायची. कधी मला उठायला उशीर झाला तर सई आत यायची, स्वतः पडदा वर करायची आणि माझी छाती हलतेय का ते बघून जायची. मी डोळे मिटून पडून राहायचो. ती पहारा देत होती. तिला माझा भरवसा उरला नव्हता, आणि तरी ती मला एकटं सोडत नव्हती.

आता ती दूर दक्षिणेला डनीडिनला असते, नर्सिंग शिकते. का ते मी विचारलेलं नाही.

हे सगळं मी मराठीत लिहितोय हे मला कळतं. सईला मराठी समजते, वाचता येत नाही. मंडळाचे लोक वाचतील, मिलिंद आणि अमृता वाचतील आणि त्यांना जे वाटायचं ते वाटेल. जिच्यासाठी लिहिलं तिच्यासमोर ही नुसती काळी चित्रं आहेत. तिला वाचून दाखवता येईल. फोनवर, सावकाश. पण आपल्या घरांतून आजोबानं नातीची माफी मागायची काही रीतच नाही. पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो आपण. जे लागलं ते पायाचं नसेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

काल रविवार होता. चिमटा टेबलावर ठेवला होता. सकाळी मी अमृताच्या डब्यातून मॅकरोनी काढली आणि एक तुकडा त्याच्या छातीवर चिकटवला. तो जरा तिरका बसला. दुपारी सईचा फोन आला. तिकडेही वारा होता, आवाजात ऐकू येत होता.

"आजोबा, ब्लाइंड्स अप?"

"अप," मी म्हटलं.

मग नेहमीचं. तिचे क्लासेस, हॉस्टेलमधली थंडी, एका पेशंटच्या पायांना पट्ट्या बांधायला ती शिकली ते. मी ऐकत होतो. ती थांबली तेव्हा मी म्हटलं, "सई, तुला एक सांगायचंय."

"हं?"

वाऱ्याचा आवाज येत राहिला. ती वाट बघत होती; घाई न करता वाट बघत होती, माझा आता समज आहे की ती फार दिवसांपासून वाट बघते आहे. मी चिमट्याकडे पाहिलं. ओपा तुझ्यावर रागावले नव्हते. तू मला सांगितलं होतंस. तू विसरली नव्हतीस. सगळं जिभेवर होतं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

मग म्हणाली, "हो, आजोबा. हीप्स."